भिडू, लंगोटीयार, गडणी : जवळच्या माणसाची नावे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. जिवाभावाच्या मित्राला आपण बोलताना ज्या सलगीच्या शब्दांनी हाक मारतो, ते शब्द मुळात कोठले, त्यांचा नेमका अर्थ काय आणि ते लेखनात वापरावेत की नाहीत, असा या पत्रांचा एकूण रोख आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या शब्दाभोवती गैरसमजही तितकेच आहेत.

प्रश्न : माझा नातू पुण्यात शिकतो. सुट्टीत घरी आला की फोनवर तो प्रत्येक मित्राला ‘भिडू’ म्हणतो. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आणि हा शब्द मला मुंबईच्या नाक्यावरचा, काहीसा टपोरी वाटतो. शेजारच्या गृहस्थांनी तर तो इंग्रजी ‘बडी’चा अपभ्रंश असल्याचे सांगितले. याचा खरा अर्थ काय, तो मराठी आहे का, आणि नातवाला मी रोखावे का? (एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : आपण नातवाला रोखू नये, अशी विनंती आधी करतो आणि मग कारणे सांगतो. ‘भिडू’ हा शब्द पूर्णपणे मराठी आहे. नाक्यावर जाण्याच्या कितीतरी आधी तो आपल्या अंगणात आणि माजघरातल्या पत्त्यांच्या डावात वावरत होता. त्याचा मूळ अर्थ ‘मित्र’ असा नाही. खेळात जो आपल्या बाजूने खेळतो, तो भिडू. मित्र हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

शब्दाची घडण सरळ आहे. ‘भिडणे’ या क्रियापदाला ‘ऊ’ हा प्रत्यय लागून तो झाला आहे. चालणे-चालू, लागणे-लागू, झाडणे-झाडू ही त्याच साच्यातली उदाहरणे आपण वर्गात अनेकदा दिली असतील. भिडणे हे क्रियापद प्राकृतातही होते, आणि हिंदीतील ‘भिड़ना’ व गर्दी या अर्थाचा ‘भीड़’ हे त्याच कुळातले शब्द आहेत. या क्रियापदाच्या अर्थात दोन टोके एकत्र नांदतात, हे मला फार मोलाचे वाटते. दोन पहिलवान भिडतात तेव्हा ते एकमेकांच्या विरोधात असतात. दाराच्या फळ्या भिडतात, खांद्याला खांदा भिडतो, एखादे वाक्य काळजाला भिडते, तेव्हा मात्र तिथे जवळीक असते. म्हणजे ज्याच्याशी झुंजायचे तोही भिडू होऊ शकला असता आणि ज्याच्या खांद्याला खांदा लावायचा तोही. मराठी बोलणाऱ्यांनी या दोहोंतून दुसरा अर्थ उचलला आणि समोरच्या बाजूच्या खेळाडूला प्रतिस्पर्धी, ‘त्यांचा गडी’, असे वेगळे म्हटले.

आता हा शब्द प्रत्यक्ष कसा वापरला जात असे, ते पाहू. आमच्या गावी शाळा सुटल्यावर देवळामागच्या मैदानात खेळ मांडायचा असला की आधी भिडू पाडले जात. दोन थोराड मुले दोन्ही बाजूंची म्होरकी होत. उरलेल्यांनी बरोबरीच्या जोड्या करायच्या, म्हणजे उंचीला उंची, पळण्याला पळणे जुळेल अशा. मग एकेक जोडी गळ्यात गळा घालून थोडी दूर जाई, कानात कुजबुजून एक जण चंद्र होई, एक सूर्य, आणि परत येऊन म्होरक्यांपुढे उभी राही. ज्याची पाळी असेल त्या म्होरक्याने ‘सूर्य’ म्हटले की सूर्य त्याच्याकडे आणि चंद्र पलीकडे. जे अगदीच लहान असे, ते लिंबूटिंबू. ते कोणत्याही बाजूने पळे आणि बाद झाले तरी धरले जात नसे. या पद्धतीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. गळ्यात गळा घालून आलेले दोघे, बहुधा एकाच बाकावर बसणारे, हे दोन विरुद्ध बाजूंना जात आणि ज्याच्याशी सकाळीच भांडण झाले आहे असा कोणी आपल्या बाजूला येई. भिडू निवडून घेता येत नसे, तो वाट्याला येत असे. पण एकदा वाट्याला आला की त्या संध्याकाळपुरती त्याची हार ती आपली हार, आणि त्याच्यासाठी गुडघे फोडून घ्यायचे.

हीच गोष्ट पत्त्यांत अधिक ठळकपणे दिसते. मेंढीकोट खेळताना चौघे बसतात आणि समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू असतात. तेरा तेरा पाने वाटली जातात आणि ज्या बाजूकडे जास्त दश्श्या येतील, ती बाजू डाव जिंकते; चारही दश्श्या मिळाल्या तर समोरच्यांवर कोट चढतो. दश्शी हेच डावातले सर्वांत मोलाचे पान असल्यामुळे ती हातात धरून ठेवावीशी वाटते. पण भिडूने बदामचा एक्का टाकला आणि आपल्या हातात बदामची दश्शी असली, तर ती त्या एक्क्यावर निःशंकपणे टाकायची असते, कारण भिडूचा हात तो आपलाच हात. हा हिशेब ज्याला कळत नाही त्याला पुन्हा भिडू म्हणून कोणी घेत नाही. माझी आजी अक्षरओळख नसलेली होती, पण दुपारी सतरंजीवर पत्त्यांचा कॅट आला की तिच्या भिडूच्या चेहऱ्यावरून ती त्याच्या हातातली पाने ओळखत असे. खाणाखुणा करणे मात्र तिला मुळीच खपत नसे. “भिडूवर इसवास असला तर खुणा कशाला?” असे ती म्हणे. मला या शब्दाचा अर्थ कोणत्याही कोशापेक्षा तिच्या या वाक्यात अधिक पूर्णपणे सापडतो.

खेळातल्या या शब्दाने म्हणीतही जागा मिळवली आहे. ‘नवा भिडू, नवं राज्य’ ही म्हण आपण नवीन साहेब आला, नवीन सरकार आले की वापरतो. यातले ‘राज्य’ हे लपंडावातले किंवा शिवाशिवीतले राज्य आहे; ज्याच्यावर राज्य येते त्याने इतरांना पकडायचे असते. रंगलेल्या खेळात उशिरा येऊन कोणी ‘मला घ्या’ म्हणाले, तर आमच्याकडे राज्य त्याच्यावर जाई, आणि ज्याच्यावर ते आधीपासून होते तो सुटे. हीच म्हण ‘नवा गडी, नवं राज्य’ अशीही ऐकू येते, आणि यावरून भिडू व गडी हे शब्द एकाच घरातले कसे आहेत तेही दिसते. वर्तमानपत्रांत आजही क्रिकेटच्या बातमीत ‘पाच गडी राखून विजय’ असे छापले जाते आणि राजकीय बातमीत ‘आघाडीतील भिडू’ असे. दोन्हीकडे मूळ कल्पना खेळातलीच आहे.

मग हा शब्द टपोरी वाटू लागला तो कसा? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या, त्यांत काम करायला कोकणातून आणि घाटावरून माणसे आली आणि चाळींत राहू लागली. त्यांच्या शेजारी गुजराती, तेलुगू, उर्दू आणि हिंदी बोलणारी माणसेही होती. चाळीच्या चौकात आणि गल्लीत एकत्र खेळणाऱ्या मुलांना एक सामायिक बोली लागत होती. मुंबईच्या हिंदीत ‘वाट लगना’ आहे ते आपल्या ‘वाट लागणे’वरून, ‘अपुन’च्या मागे आपला ‘आपण’ उभा आहे, आणि ‘राडा’ हा आपल्याकडे मूळचा चिखलाचा, पसाऱ्याचा शब्द आहे. भिडूही याच वाटेने त्या बोलीत गेला असे मला वाटते. हिंदीभाषकाला ‘भिड़ना’ आधीच ठाऊक असल्यामुळे तो परका वाटला नाही, आणि दोन अक्षरांचा, शेवटी लांब ऊ असलेला हा शब्द लांबून हाक मारायला सोपा आहे. त्या बोलीत गेल्यावर त्याचा खेळाशी असलेला संबंध सुटला. वाट्याला आलेला जोडीदार हा अर्थ मागे पडला आणि ओळखीच्या किंवा अनोळखी कोणालाही आपुलकीने संबोधण्यासाठी तो वापरला जाऊ लागला.

चित्रपटांनी त्याला देशभर नेले. वाळकेश्वरच्या तीन बत्ती भागातील चाळीत वाढलेले अभिनेते जॅकी श्रॉफ यांच्या बोलण्यातला हा शब्द इतका प्रसिद्ध झाला की लोक त्यांनाच भिडू म्हणू लागले. आपले नाव, आवाज आणि छबी यांच्या व्यापारी वापराविरुद्ध 2024 साली त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जो दावा दाखल केला, त्यात ‘भिडू’ या शब्दाचाही उल्लेख होता. त्या दाव्याच्या कायदेशीर बाजूविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या बातम्यांमुळे अनेक वाचकांची, विशेषतः महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांची, हा शब्द चित्रपटांतच जन्मला अशी समजूत झाली असेल, तर ती दुरुस्त व्हायला हवी.

आता शेजाऱ्यांच्या ‘बडी’विषयी. इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांत ‘ब’चा ‘भ’ झालेला दिसत नाही. बॉटलची बाटली झाली, बॉक्सचे बाकस झाले, बटण आणि बूट जसेच्या तसे राहिले. यांपैकी कोणत्याही शब्दाचा ब महाप्राण झाला नाही. शिवाय ‘बडी’ला मराठीत क्रियापद नाही, आणि भिडूमागे भिडणे, भिडवणे, एकास एक भिडणे असे मोठे गोत उभे आहे. उच्चारात थोडे साम्य दिसले की नाते जोडण्याचा मोह होतो, आणि त्यात आपल्याच भाषेतले कर्तृत्व आपण परक्याच्या नावावर लिहून देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शेवटचा मुद्दा वापराचा. वडीलधाऱ्यांना किंवा कार्यालयीन पत्रात कोणी भिडू म्हणणार नाही, पण ते ‘गड्या’ किंवा ‘लेका’ असेही म्हणणार नाही. तो संकेत सलगीच्या प्रत्येक शब्दाला लागू आहे. शिवी तो कधीच नव्हता. व्याकरणाच्या दृष्टीने तो पुल्लिंगी असला तरी स्त्रीसाठी त्याचे रूप बदलत नाही. ‘मेंढीकोटात सुनबाई माझी भिडू होती’ हे वाक्य निर्दोष आहे, आणि अनेकवचनातही ‘भिडू’च राहतो. नातू सुट्टीत घरी आला की आपण त्याला मेंढीकोटाला बसवावे आणि स्वतः त्याची भिडू व्हावे, म्हणजे तो रोज वापरतो त्या शब्दाचा जुना अर्थ त्याला हातातल्या पानांतूनच कळेल.

प्रश्न : ‘लंगोटीयार’ या शब्दातली लंगोटी तालमीतल्या पहिलवानांची की लहान मुलांची? आमच्या मित्रमंडळात यावर दोन तट पडले आहेत. तसेच हा शब्द जोडून लिहावा की तोडून? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लहान मुलांची. तालमीत वापरतात तो लंगोट. त्याचे लहान, लाडके रूप म्हणजे लंगोटी, आणि शब्दात हे दुसरे रूप आले आहे. पूर्वी लहान मुलगा बरीच वर्षे उघडाच फिरे आणि मग त्याला लंगोटी नेसवत. धोतर किंवा विजार त्याच्या अंगावर यायला आणखी काही वर्षे जात. मुंजीत बटूला लंगोटी नेसवून हातात दंड देतात, त्या विधीतही लंगोटी त्या कोवळ्या वयाचीच खूण म्हणून टिकली आहे. तेव्हा दोघेही लंगोटीत होते तेव्हापासून ज्यांची मैत्री आहे, ते लंगोटीयार. हिंदीत याच अर्थाने ‘लँगोटिया यार’ म्हणतात. तालीम सोबत करणाऱ्यांची मैत्रीही घट्ट असते, हे तुमच्या दुसऱ्या तटाचे म्हणणे खरे आहे, पण त्या मैत्रीला वयाची अट नसते. लंगोटीयार मात्र तिसाव्या वर्षी नव्याने जोडता येत नाही.

या शब्दाचा उत्तरार्ध फारसी आहे. फारसीत ‘यार’ म्हणजे मित्र, आणि साथ देणारा, मदत करणारा हाही अर्थ त्यात आहे. मराठीत तो आला, रुळला आणि त्याच्या अर्थाला एक वळणही लागले. पुरुषाचा यार म्हणजे दोस्त, पण ‘तिचा यार’ असे म्हटले की जुन्या बोलण्यात त्याचा अर्थ चोरटा प्रियकर असा होई. त्यामुळे आमच्या पिढीतल्या घरांत मुलींनी ‘यार’ म्हटलेले आई-आजीला चालत नसे. आज मुली एकमेकींना सहजपणे यार म्हणतात आणि तो जुना अर्थ विरून गेला आहे, हे चांगलेच झाले.

‘दोस्त’ हाही फारसीच शब्द. त्याचे मूळ आपल्याला वाटते तितके दूरचे नाही. प्राचीन इराणी भाषेतील ज्या धातूपासून तो आला, तो आणि संस्कृतातील ‘जुष्’, म्हणजे आवडणे, गोडी वाटणे, हे दोन्ही एकाच मूळ धातूचे दोन भाषांतले अवतार आहेत.

लेखनाविषयी : लंगोटीयार हा समास आहे, म्हणून तो जोडून लिहावा. अलीकडची मुले ‘चड्डीयार’ही म्हणतात, तेही जोडूनच. वस्त्र बदलले तरी शब्दाची रीत तीच राहिली, यात मला भाषेची जिवंत खूण दिसते आणि या नव्या शब्दावर आक्षेप घेण्याचे कारण दिसत नाही.

प्रश्न : लंगोटीयार, जिगरी दोस्त, यार हे सगळे शब्द पुरुषांच्या मैत्रीचे. बायकांच्या घट्ट मैत्रीला मराठीत असा सलगीचा शब्दच नाही का? ‘बालमैत्रीण’ हा शब्द मला फार पुस्तकी वाटतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला आनंद झाला, कारण असा शब्द आहे आणि तो आपण जवळजवळ हरवून बसलो आहोत. तो शब्द म्हणजे ‘गडणी’. गडी या शब्दाचे हे स्त्रीलिंगी रूप आहे आणि त्याचा अर्थ सोबत खेळणारी, सोबत वाढलेली मैत्रीण. जुन्या मराठी कवितेत तो भेटतो, आणि खेड्यांतल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडून मी तो स्वतः ऐकला आहे. माझी मावशी आपल्या माहेरच्या मैत्रिणीला शेवटपर्यंत गडणीच म्हणत असे. दोघींची सासरे पंचवीस मैलांच्या अंतरावर होती. वर्षातून एकदा जत्रेला भेट होई. त्या भेटीत काय बोलणे होत असे ते आम्हा मुलांना कधी कळले नाही, कारण दोघी देवळाच्या ओवरीत पाठ करून बसत आणि आम्हाला जवळ येऊ देत नसत.

गडी या शब्दाचा पसारा मोठा आहे. गडी म्हणजे पुरुष, गडी म्हणजे शेतावर राबणारा माणूस, गडी म्हणजे खेळाडू. खेळगडी आणि सवंगडी हे शब्द तर मैत्रीचेच आहेत. संतांच्या काल्याच्या अभंगांत कृष्णाबरोबर गाई राखणारे, शिदोरी सोडून एकत्र खाणारे गोपाळ हे त्याचे सवंगडी आहेत, आणि या अभंगांमुळे तो शब्द वारकऱ्यांच्या घराघरांत पोचला. संबोधनात याच शब्दाचे ‘गड्या’ आणि ‘गडे’ होते. ‘गड्या, आपुला गाव बरा’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. ‘गडे’ मात्र विशेषकरून स्त्रियांच्या आणि मुलांच्या बोलण्यातला : ‘नको ना गडे’, ‘ये ना गडे’. बालकवींच्या ‘आनंदी आनंद गडे’ या ओळीत जो ‘गडे’ आहे, तो सोबत्याला मारलेली हाक आहे, हे शाळेत शिकवताना सांगितले जात नाही आणि मुले तो एक निरर्थक लाडिक शब्द समजून पाठ करतात. ते सांगितले तर ती ओळ कोणाला तरी उद्देशून आहे, हे त्यांच्या ध्यानात येईल.

याखेरीज ‘सई’ आहे. संस्कृत सखीचे प्राकृतात सही झाले आणि मराठीत सई. आज ते मुलीचे नाव म्हणून अधिक ओळखीचे आहे, पण त्याचा अर्थ मैत्रीण. जात्यावरच्या ओव्यांत ‘शेजी’ येते. ती शेजारीण असते, आणि पहाटे दळताना आपले सुखदुःख जिला सांगायचे अशी जवळचीही असते. या शब्दांकडे पाहिले की पुरुषांच्या आणि बायकांच्या मैत्रीतला एक फरक डोळ्यांसमोर येतो. लंगोटीयार आयुष्यभर त्याच गावात राहू शकत होते. मुलगी मात्र लग्न होऊन दुसऱ्या गावी जाई आणि तिची बालपणीची मैत्री तिथेच तुटे. म्हणून बायकांच्या गाण्यांत एकीकडे माहेरी सुटलेली सई आहे आणि दुसरीकडे सासरी नव्याने जोडलेली शेजी. पुरुषांना या दुसऱ्या शब्दाची गरजच पडली नाही.

मराठीच्या शेजारी पाहिले तर गुजरातीत खेळातल्या सोबत्याला ‘भेरू’ म्हणतात, आणि तो शब्द तिथेही मित्र या अर्थाने चालतो. गोव्यात कोकणी बोलणारा मित्राला ‘इश्ट’ म्हणतो. तो संस्कृत इष्ट, म्हणजे हवासा वाटणारा, आणि आपल्या लग्नपत्रिकांतल्या ‘आप्तेष्ट’मध्ये तोच बसला आहे. मराठीने मात्र स्वतःच्या बळावर घडवलेल्या शब्दांत, म्हणजे गडी, सवंगडी, गडणी आणि वर सांगितलेला भिडू यांत, पुन्हा पुन्हा खेळाकडेच पाहिले आहे. आपण ‘बालमैत्रीण’ सोडून ‘गडणी’ लिहायला लागलात तर पहिल्या वेळी कदाचित त्याचा अर्थ सांगावा लागेल. दुसऱ्या वेळी लागणार नाही.

प्रश्न : ‘जिगरी दोस्त’मधले जिगर म्हणजे हृदय का? आणि ‘जीवश्चकंठश्च मित्र’ हा संस्कृत वाक्प्रचार कोठल्या ग्रंथातला आहे? (एक वाचक, बंगळूर)

उत्तर : जिगर म्हणजे यकृत. हाही फारसी शब्द आहे आणि संस्कृत ‘यकृत्’शी त्याचे रक्ताचे नाते आहे, दोन्ही एकाच पुरातन शब्दाची रूपे आहेत. फारसी आणि उर्दू कवितेत धैर्य आणि तीव्र ओढ यांचे स्थान जिगर मानले जाते, त्यामुळे जिगरी दोस्त म्हणजे काळजातला दोस्त. आपण ‘काळीज’ म्हणतो तेव्हा हृदय डोळ्यांपुढे आणतो, पण तो शब्द ज्या संस्कृत ‘कालेय’वरून आला त्याचा अर्थही यकृतच होता. म्हणजे जिगरी दोस्त आणि ‘काळजाचा तुकडा’ हे दोन्ही प्रयोग शरीराच्या एकाच अवयवाकडे बोट दाखवतात.

जीवश्चकंठश्च हा कोणत्या ग्रंथातला वाक्प्रचार नाही. जीव आणि कंठ या शब्दांना ‘च’ जोडून त्याला संस्कृताचा थाट दिला आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘जीवही आणि गळाही’ इतकाच होतो. मित्र म्हणजे आपला जीव आणि आपला कंठ, असे सांगणारा हा प्रयोग मराठी माणसाने मराठीसाठीच घडवला. पाठांतराच्या परंपरेत वाढलेल्या, संस्कृताचा कानाला सराव असलेल्या लोकांच्या बोलण्यातून तो आला असावा, असे त्याच्या घडणीवरून मला वाटते. जवळच्या मित्राला ‘जीव’ म्हणण्याची आपली रीत त्याहून फार जुनी आहे. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस, पसायदानात, प्राणिमात्रांत परस्परांशी ‘मैत्र जीवाचें’ पडो अशी मागणी आहे. तिथे मैत्र म्हणजे मैत्री. खेड्यात ‘मैतर’ म्हणतात तो मात्र मित्र. ‘जिवलग’, ‘जिवाभावाचा’, ‘जिवाचा मैतर’ हे सगळे त्याच जीवाशी बांधलेले आहेत.

लिहिताना जीवश्चकंठश्च हा एकच शब्द म्हणून जोडून लिहावा आणि त्यानंतर ‘मित्र’ किंवा ‘मैत्रीण’ वेगळे लिहावे. ‘जीवश्च कंठश्च’ असे तोडून लिहिले तर ते संस्कृत वाक्य वाटते आणि वाचक, आपल्याप्रमाणेच, त्याचा ग्रंथ शोधू लागतो.